५१ वर्षांचा आहे, अपघातानंतर पाय लंगडतो, हॉटेलवाले राजीनामा मागतात. देऊ का?

देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की गोव्यात कळंगुटच्या हॉटेलात हाउसकीपिंगला १९ वर्षं झाली, स्कूटरच्या अपघातानंतर पाय पहिल्यासारखा टेकत नाही, आणि एचआरवाला गोड बोलून सांगतो, ‘तुम्हीच लिहून द्या, हिशेब नीट करतो.’ हे गोड बोलणं माझ्या ओळखीचं आहे. मला ते कुंडईच्या एका फॅक्टरीत ऐकावं लागलं, बावन्नाव्या वर्षी.

मी फिटर. २३ वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात काढली, त्यात दोन्ही कान गेले. फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येईना. मॅनेजर म्हणाला, ‘सेफ्टीचा प्रश्न आहे, आणि आता वयही झालं की.’ एका वाक्यात कान आणि वय दोन्ही उरकले! मी म्हटलं, फोर्कलिफ्टला फिरता लाल दिवा लावा, दीड-दोन हजारांचं काम. तर म्हणे बजेट नाही. (२०२३ चा जानेवारी होता, पणजीत दिव्यांगांचा पहिला उत्सव, पर्पल फेस्ट, चाललेला. पात्रांवाच्या, म्हणजे मालकाच्या, स्टेटसवर जांभळा रंग आणि खाली हात जोडलेले.)

आता कायदा. वयावरून भेदभाव करू नये असा खासगी नोकरीसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या १६ व्या कलमात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही, आणि ते कलम तरी सरकारी नोकरीपुरतंच. पण जुन्या कामगाराला मागच्या दाराने एक आधार आहे. कपात करायची, म्हणजे माणसं कमी करायची, तर त्या प्रकारच्या कामात शेवटी लागलेला माणूस सहसा आधी जातो. त्याला ठेवून जुन्याला काढायचं तर कारण नोंदवावं लागतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. तुमच्या १९ वर्षांचे साधारण साडेनऊ महिन्यांचे पैसे झाले. राजीनामा दिलात की ती कपातच उरत नाही. ग्रॅच्युइटी मिळेल, हे जाईल. एचआरच्या जिभेवर साखर आहे ती एवढ्यासाठी.

जुन्या कायद्यात एक खाच होती, ती मला युनियनच्या एका म्हाताऱ्या माणसाने दाखवली. ‘सततच्या आजारपणामुळे’ असं लिहून काढलं तर ती कपात धरत नसत. आता काय धरतात ते विचारून घ्या, पण तशी संधीच देऊ नका. तुम्ही आजारी नाही. पाय अधू आहे, माणूस कामाला धड आहे. म्हणून पाय दुखतो म्हणून रजेवर रजा टाकू नका, आणि इस्पितळातून असा दाखला घ्या ज्यात तुम्ही कुठलं काम करू शकता ते लिहिलेलं असेल.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याबद्दल लोक छातीठोकपणे सांगतात की ‘तुम्हाला काढूच शकत नाहीत’. अर्धवट माहिती. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, हे कलम २० सरकारी आस्थापनांना लागू आहे. तुमचं हॉटेल खासगी. मात्र कलम २१ प्रमाणे खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. तेव्हा दोन ओळींचं पत्र द्या: जिने आणि ट्रॉली जमत नाही, लिनन रूममध्ये काम द्यावं, आणि समान संधी धोरणाची प्रत मिळावी. आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे पत्र मिळाल्याचा, शिक्का मारून घ्या. नाही मारला तर स्पीड पोस्ट. आमच्या एचआरला असं काही धोरण असतं हेच ठाऊक नव्हतं. पत्र गेल्यावर आवाज एकदम खाली आला.

अपंगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के भरले नाहीत तर खचू नका. आरक्षणाला आणि बऱ्याच योजनांना तो आकडा लागतो, भेदभावाविरुद्ध बोलायला लागत नाही.

पत्राने नाहीच भागलं तर पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे जा, आणि दिव्यांगजन आयुक्तांकडेही अर्ज टाका. तिथे ‘हा तर सुपरवायझर, कामगार नव्हे’ असं म्हणून हॉटेल कामगार कायद्यातून निसटायला बघेल. बिल्ल्यावर काय लिहिलंय ते सोडा, दिवसभर हाताने काय करता ते सांगा.

माझं म्हणाल तर मी आता स्टोअरला आहे. पगार तोच, ओव्हरटाइम गेला, आणि तो टोचतो. लाल दिवा सहा महिन्यांनी लागला, तोही ऑडिटवाले येणार होते म्हणून. पण त्या खोलीत बोलावून समोर कोरा कागद ठेवला होता तेव्हा मला वाचवलं ते माझ्या कानांनीच. ते जे काही बोलत त्यावर मी एकच म्हणत राहिलो, ‘ऐकू येत नाही साहेब, काय ते लिहून द्या.’ लिहून द्यायला कोणी तयार होईना.

तुम्हाला कानांचं निमित्त नाही. चष्मा घरी राहिला म्हणा.