गाडीच्या काचेला टवका गेलाय, रिपेअर करू की विम्याचा क्लेम करून नवी बसवू?

तुमचा प्रश्न असा की एक्स्प्रेस-वेवर डंपरमागे खडा लागून पुढच्या काचेला टवका गेला, या काच रिपेअरवाल्या कंपन्या कधीच्या आणि त्या करतात काय. सोबत तुमच्या मेकॅनिकचं मत दिलंय, "रिपेअर म्हणजे नुसता गोंद भरणं, क्लेम टाका आणि नवी घ्या." हे वाक्य खटकलं म्हणून लिहितोय.

इतिहास थोडक्यात सांगतो. गाड्यांच्या काचा रिपेअर करणाऱ्या आणि बदलणाऱ्या बेलरॉन कंपनीचं मूळ दक्षिण आफ्रिकेत, १८९७ चं. याच धंद्यातली सेफलाइट १९४७ मध्ये अमेरिकेत विचिटाला सुरू झाली, २००७ मध्ये बेलरॉननेच ती घेतली. टवक्यात रेझिन (पातळ, नंतर घट्ट होणारं पारदर्शक रसायन) भरण्याचा धंदा मात्र १९७२ च्या नोव्हस या कंपनीपासून रुळला. आपल्याकडे पुण्याजवळ गाडीच्या काचा बनवणाऱ्या सेंट गोबेन सेक्युरिटचे कारखाने भोसरीत आणि चाकणलाच आहेत. काच बनते दाराशी. गोची होते ती बसवण्यात.

आता त्या 'गोंदा'बद्दल. पुढची काच म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये ०.७६ मिलिमीटरचा पीव्हीबी या प्लास्टिकचा पापुद्रा. खडा बाहेरचीच काच फोडतो आणि फटीत हवा अडकते. काचेच्या आतून आरसा धरून बघितलं की त्या फटी काळ्या दिसतात, तो काळेपणा हवेचा. आधी सुईने चुरा काढायचा, ओल सुकवायची. मग सक्शन कपने काचेला चिकटणारी चौकट (ब्रिज) लावून रेझिन सोडणारा इंजेक्टर टवक्यावर बरोबर मध्यावर आणायचा आणि रेझिनचे एक-दोन थेंब सोडायचे. व्हॅक्यूम देऊन हवा ओढायची, मग प्रेशर देऊन रेझिन ढकलायचं, असं दोन-तीनदा. काळ्या रेषा एकेक करून पुसल्या जातात. शेवटचं टोक काळं राहिलं तर काम झालेलं नाही, उद्या तडा तिथूनच पळणार. वरच्या खड्ड्यात घट्ट रेझिन, त्यावर फिल्म, मग यूव्ही दिवा, ब्लेडने खरवडून पॉलिश. नीट केलं तर अर्धा-पाऊण तास. पुसट डाग राहतोच. तो दिसणार नाही असं सांगणारा खोटं बोलतोय.

बिघडतं कुठे? नगर रोडला भर दुपारी फुटपाथवर काम केलं की उन्हातल्या यूव्हीने रेझिन आत पोचायच्या आधीच घट्ट होतं. तापलेल्या काचेवर प्रेशर दिलं की तडा सरकतो. जूनमध्ये आत पाणी राहिलं की रेझिन दुधट होतं. आणि मालकाने आधीच सुपरग्लू घातलेला असला तर संपलं. तो तोंडाशीच घट्ट होतो, आत हवा कोंडते आणि खरं रेझिन जायला वाटच उरत नाही.

आता नवी काच. कंपनीतून आलेली काच युरेथेन या चिकट द्रव्याने बॉडीला चिकटवलेली असते. ती कापून काढताना ब्लेड पिंचवेल्डला (काच बसते त्या पत्र्याच्या कडेला) लागलं, रंग उडाला आणि वर प्राइमर न लावताच काच बसवली, की दोन पावसाळ्यांत गंज आणि मग गळती. जुन्या युरेथेनचा एक-दोन मिलिमीटर थर ठेवून त्यावरच युरेथेनची नवी पट्टी (बीड) ओढायची असते, घाईत तो जुना थर सरसकट खरवडतात. युरेथेन हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं, त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत जास्त वेळ घेतं. किती तासांनी गाडी चालवायची हे ट्यूबवर लिहिलेलं असतं. "लगेच न्या साहेब" म्हणणाऱ्याला ती ट्यूब दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटची एअरबॅग याच काचेला टेकून फुगते.

क्लेमचा हिशोब मेकॅनिकने सांगितला नसेल. काचेच्या किमतीतून विमा कंपनी घसारा कापत नाही, हे खरं. पण ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सवलत) असेल आणि ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) १२,००० धरला, तर क्लेमनंतर पुढची पाच वर्षं सवलत ५० ऐवजी ०, २०, २५, ३५, ४५ टक्के. म्हणजे जवळजवळ १५,००० गेले, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरत जातो तसे थोडे कमी. वर १,००० किंवा २,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः भरायची रक्कम. फास्टॅग काढताना फाटतो, तो नवा घ्यावा लागतो. काचेमागे एडीएएसचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवून घेण्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, खर्च वेगळा. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही सवलत टिकवणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर मात्र हा हिशोब सोडा.

आणि हो, प्रत्येक टवका रिपेअर होतो असं नाही. चालकाच्या थेट नजरेसमोर असेल, कडेला टेकला असेल, तडा वीतभर लांब गेला असेल किंवा आतून बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल, तर बदलाच, तिथे तुमचा मेकॅनिक बरोबर. मागची आणि दाराची काच बहुतेक टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असते, फुटली की तिचा चुराच होतो.

तुमचा टवका रुपयाच्या नाण्याखाली झाकतोय का ते बघा. झाकत असेल आणि वरच्यापैकी काही अडचण नसेल तर रिपेअरच करा. आत्ताच वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, काम होईपर्यंत गाडी वॉशिंगला देऊ नका आणि तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका.