पोट्ट्यांना विचार, पण कोरा कागद देऊ नकोस

कॉलेजात शिकवायला नवीन रुजू झालास आणि अभ्यासक्रम मुलांसोबत बसून ठरवायचा म्हणतोस. छान. फक्त पहिल्याच तासाला 'काय शिकायला आवडेल?' असं विचारू नकोस. मी विचारलं होतं. भरल्या वर्गातून एकच आवाज आला, "सर, आयएमपी द्या." म्हणजे परीक्षेला येणारे महत्त्वाचे प्रश्न.

युनिट (अभ्यासक्रमाचे भाग) आणि क्रेडिट (विषयाचं वजन) विद्यापीठ ठरवतं, हे आधीच सांगून टाक. आपल्या हाती उदाहरणं, प्रकल्प, अंतर्गत गुण. तेवढ्यावरच बोल. तुझा आराखडा छापून दे आणि लाल पेनाने खोडायला लाव. कॉलेज नागपूरचं, पण माझ्या पर्यावरणाच्या आराखड्यात पुराची सगळी उदाहरणं लांबच्या नद्यांची. एका मुलीने ती काट मारून समासात लिहिलं, '२३ सप्टेंबर २०२३, अंबाझरी. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं.' पुढच्या वर्षी नाग नदीकाठची पाहणी हाच प्रकल्प ठेवला, प्रश्नावलीही पोट्ट्यांनीच केली. (चाळीस प्रश्न! निम्मे मी कापले.)

बोलक्या चौघांची समिती करू नकोस. कामठी, हिंगण्याहून बसने येणारे तास संपल्यावर थांबत नाहीत. त्यांचं तासातच ऐक. आणि जी सूचना घेतली नाही तिचं कारण वर्गात सांग, नाहीतर पुढच्या खेपेला कागद कोरेच परत येतात, बाप्पा.