‘द मेसन्स अ‍ॅप्रन’ हा आयरिश रील (जलद लयीची नाचाची धून) कोणत्या पट्टीत वाजवावा आणि त्याचे खरे रूप कोणते?

पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी (पाश्चात्त्य G). फिडलवाल्यांना (फिडल म्हणजे व्हायोलिनच) हे पटणार नाही याची मला कल्पना आहे, कारण त्यांच्यापैकीच एका गृहस्थांनी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका पबात ‘ती शिकाऊ मंडळींच्या सोयीची पट्टी आहे’ असे मला चारचौघांत ऐकवले होते.

मी बासरीवरून टिन व्हिसलकडे, म्हणजे सहा छिद्रांच्या उभ्या धरायच्या छोट्या धातूच्या बासरीकडे, वळलेलो. पांढरी दोनच्या व्हिसलवर वरची तीन छिद्रे झाकली की पांढरी पाच बोलते, म्हणजे बासरीवर बोटांना जिथे षड्जाची सवय असते नेमका तिथेच षड्ज मिळतो, आणि तीन महिने घासून हा रील मी तसाच बसवला होता. त्या संध्याकाळी या गृहस्थांनी तो पांढरी सहामध्ये उचलला. षड्ज दोन छिद्रांवर सरकला आणि शुद्ध निषादासाठी तिसरे छिद्र अर्धे झाकण्याची पाळी आली. आलापात अर्ध्या छिद्राची मौज असते. पायाच्या एका ठोक्यात चार स्वर पळत असताना मात्र बोट जरा जास्त टेकले की निषाद कोमल होतो आणि कमी टेकले की कुठलाच राहत नाही. दुसऱ्या फेरीला मी व्हिसल मांडीवर ठेवली.

घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की फिडलवर पांढरी सहामध्ये षड्ज आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर आयते मिळतात. म्हणजे सोय त्यांचीही होतीच. ती त्यांनी परंपरा म्हणून सांगितली, एवढाच फरक.

रूपाबद्दल म्हणाल तर आठ-आठ मापांचे (ठेक्याच्या समान तुकड्यांचे) दोन भाग पक्के करावेत. बेलफास्टचे फिडलवादक शॉन मग्वायर यांनी याच चालीवर जे वाढीव भाग वाजवले ते ऐकावेत जरूर, पण बैठकीत न विचारता घुसडू नयेत. छापील पुस्तक पुढे करून वाद घालणे तर टाळावेच: शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये तब्बल १,८५० चाली छापल्या, परंतु कागदावर उतरते ते चालीचे एक रूप, आणि शेजारच्या गावचा वादक त्याच चालीला वेगळे वळण देतो. त्यापेक्षा जिथे वाजवायचे आहे तिथे जाऊन, विचारून, फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि तेच रूप उतरवावे.

हा रील मूळचा स्कॉटलंडचा आणि तिकडे तो पांढरी सहामध्ये वाजतो, हे त्या गृहस्थांचे म्हणणे मात्र खरे आहे. बैठकीत सगळेच फिडलवाले असतील, तर माझे पहिले वाक्य विसरावे.

मी स्वतः पुढे पांढरी तीनची व्हिसल विकत घेतली, जिच्यावर त्याच तीन छिद्रांवर पांढरी सहा येते. त्यांच्या शेजारी बसून मी आता त्यांच्याच पट्टीत, माझ्याच बोटांनी वाजवतो. त्यांच्या ते अजून लक्षात आलेले नाही.