डिप्लोमाला घातलं तर पुढचं इंजिनिअरिंग बंद होतं का?

दहावीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न असतो. इथे दिलेल्या प्रकरणात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्या घराचाच आहे, आणि राज्यातल्या हजारो घरांचाही.

मुलाला दहावीला ६४ टक्के. विज्ञान बरं, गणितात ४१. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि पोरगा आठवीपासून सुट्टीत तिथे वाइंडिंग भरतो. घरात तीन मतं होती. मामा म्हणत होते, आधी अकरावी-बारावी सायन्स करू दे, मग इंजिनिअरिंग. डिप्लोमावाल्याला कोणी विचारत नाही. वडिलांना वाटत होतं, आयटीआय इलेक्ट्रिशियन करावा, हाताला काम लवकर लागेल. तिसरीकडे एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन "डायरेक्ट ॲडमिशन करून देतो, कॅपच्या भानगडीत पडूच नका" असं सांगून गेला होता. कॅप म्हणजे सरकारची गुणांनुसार जागा वाटणारी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया. आई म्हणाली, "मॅडम, चुकलं तर वर्ष जाईल त्याचं. डिप्लोमाला घातलं आणि पुढचं दार बंद झालं तर?"

आधी कागद घेऊन वर्षांची बेरीज केली. बारावी सायन्सची दोन वर्षं आणि पदवीची चार, मिळून सहा. डिप्लोमाची तीन आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन, हीही सहाच. आयटीआयची दोन वर्षं करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलं तर दोन अधिक दोन, चार वर्षांत डिप्लोमा हातात. बारावी सायन्स झालेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे डिप्लोमामुळे वर्ष जात नाही आणि दारही बंद होत नाही. डिप्लोमाधारकांचा पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर, स्वतंत्र कॅपमधून होतो. त्यासाठी सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. अर्थात ही पात्रता झाली. चांगल्या कॉलेजची यादी याच्या कितीतरी वर संपते, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

यावर मुलानेच विचारलं, "मग अडतं कुठे?" प्रश्न नेमका होता. अडतं ते प्रवेशाच्या वेळी आणि पहिल्या वर्षाच्या गणितात.

प्रवेशाचं समजून घ्यायचं तर कुठलं काम कोणाचं हे माहीत हवं, कारण पालक तक्रार घेऊन चुकीच्या दारात उभे राहतात आणि तोवर मुदत निघून जाते. पॉलिटेक्निक, म्हणजे डिप्लोमाचं कॉलेज चालवायला आणि किती जागा भरायच्या याला मंजुरी देते एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद. प्रवेशप्रक्रिया राबवतं राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय, म्हणजे डीटीई. सरकारी पॉलिटेक्निकही त्याच्याच अखत्यारीत येतात. अभ्यासक्रम, परीक्षा, गुणपत्रिका आणि शेवटी हातात पडणारी पदविका ही कामं महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, म्हणजे एमएसबीटीईची. हे मंडळ १९६३ पासून परीक्षा घेत आलं आहे. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती अशी काही सरकारी तंत्रनिकेतनं स्वायत्त आहेत. ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, आणि त्यांची पदविका कुठेही कमी धरली जात नाही. आयटीआयचा कारभार पूर्ण वेगळा. तो व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, कौशल्य विकास विभागाच्या अखत्यारीत. अर्ज वेगळा, संकेतस्थळ वेगळं, फेऱ्यांच्या तारखाही वेगळ्या.

दोन्हीकडे अर्ज करता येतो आणि या घराला तोच सल्ला दिला. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा होतो. आयटीआयची यादी आधी लागली, घाईत दाखला तिथे दिला आणि नंतर पॉलिटेक्निकचा नंबर लागला, की दाखला परत मिळवण्यात दोन-तीन दिवस जातात आणि कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करण्याची (रिपोर्टिंगची) मुदत साधारण तेवढीच असते. दाखला कुठे द्यायचा हे घरात आधी ठरवूनच त्या दारात जावं.

आयटीआय की डिप्लोमा, यावर वडिलांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचा मुद्दा कमी लेखण्यासारखा नव्हता. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, निम्म्याहून जास्त वेळ वर्कशॉपमध्ये, पुढे ॲप्रेंटिसशिप. रेल्वेच्या टेक्निशियन ग्रेड तीनच्या जागांना आयटीआयच लागतो, तिथे आयटीआयऐवजी डिप्लोमा चालत नाही. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीतही इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड मागतात. उलट सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद, रेल्वे इथल्या कनिष्ठ अभियंता पदांना किमान डिप्लोमा हवा. तेव्हा वरचं-खालचं असा हिशेब इथे करायचाच नाही. पोराला यंत्रावर काम करायचं आहे, की यंत्राचं डिझाइन, अंदाजपत्रक आणि देखरेख करायची आहे, एवढं विचारायचं.

मुलाचं उत्तर स्पष्ट होतं. त्याला वाइंडिंग येत होतं, पण अमुक मोटरला अमुकच गेजची तार आणि इतकेच वेढे का, हे दुकानात कोणी सांगत नव्हतं. ते शिकायचं असेल तर डिप्लोमा इलेक्ट्रिकल. वडील हे ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "मग तेच कर." गणित कच्चं आहे हे त्याच बैठकीत उघड मांडलं. आयटीआयमार्गे गेला असता तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात तेच गणित समोर आलं असतं, आणि तेही पहिल्या वर्षाची तयारी नसताना.

खासगी कॉलेजच्या माणसाचं काय? "डायरेक्ट" म्हणजे बहुतेक वेळा संस्था स्तरावरची, कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती जागा. ती बेकायदा नसते. पण शुल्क प्रतिपूर्तीच्या, म्हणजे सरकारने फी भरून देण्याच्या बहुतेक योजनांना प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. ही अट फी भरल्यावर कळते, आणि मग तीन वर्षं पूर्ण फी खिशातून जाते. सरकारी पॉलिटेक्निकची वर्षाची फी दहा हजारांच्या आत असते, खासगीची तिच्या कितीतरी पट. कुठल्याही खासगी कॉलेजला जाण्याआधी त्याचा संस्था कोड डीटीईच्या यादीत शोधावा, आपल्या शाखेला मंजूर जागा किती ते पाहावं, आणि मंडळाच्या वार्षिक शैक्षणिक तपासणीत त्या शाखेला काय शेरा मिळाला तेही पाहावं. कोड सापडला नाही तर विषय तिथेच संपला. "डिप्लोमा" नावाचं प्रमाणपत्र कोणीही छापू शकतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ते चालत नाही.

विकल्प अर्ज, म्हणजे कॅपसाठी कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने यादी, मुलाकडून आधी कोऱ्या कागदावर भरून घेतला. मोबाइलवर थेट भरू नये, कागदावर चुका डोळ्याला दिसतात. त्याने पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं शेजारच्या तालुक्यातलं खासगी कॉलेज, इलेक्ट्रिकल. जिल्ह्याचं सरकारी पॉलिटेक्निक चौथ्या क्रमांकावर. का, विचारलं तर म्हणाला, "सरकारीला माझा नंबर लागणार नाही. मिळतंय ते वर टाकलं."

सगळ्यांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. यंत्रणा वरून खाली पाहत येते. पहिलं कॉलेज मिळत नसेल तर दुसरं, ते नसेल तर तिसरं. न मिळणारं कॉलेज वर टाकल्याने खालच्या विकल्पाची संधी तसूभरही कमी होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तुलना गुणांचीच होते. आणि दुसरी बाजू याहून महत्त्वाची: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की ती जागा आपोआप गोठते. प्रवेश घ्या किंवा पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडा. म्हणजे "नक्की मिळणारं" पहिल्या क्रमांकावर टाकणाऱ्याने स्वतःच्या हाताने सरकारी कॉलेजचा दरवाजा लावलेला असतो. त्याच्या खालचा विकल्प मिळाला तर जागा स्वीकारून बेटरमेंटसाठी, म्हणजे यादीतला वरचा विकल्प मिळतो का हे पाहायला, पुढच्या फेरीत जाता येतं. मात्र पुढे वरचा विकल्प मिळाला की आधीची जागा सुटते, ती परत मागता येत नाही. पुढच्या फेऱ्यांत आपोआप गोठण्याचा नियम आणखी कडक होत जातो, तो त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावा.

मग गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या काढल्या. त्याच्या प्रवर्गात जिल्ह्याच्या सरकारी पॉलिटेक्निकचं इलेक्ट्रिकल पहिल्या फेरीत ६७ ला थांबलं होतं, दुसरीत ६३ पर्यंत उतरलं होतं. यादी नव्याने मांडली: वर दोन सरकारी, शेजारच्या जिल्ह्यातलं पकडून, मधे अनुदानित, खाली तपासून घेतलेली खासगी. मित्रांच्या नादाने मधे घुसलेलं कॉम्प्युटर त्याने स्वतःच खोडलं. ज्या कॉलेजला नंबर लागला तरी जायचंच नाही, ते यादीत ठेवू नये. नाहीतर नेमकं तेच मिळतं.

कागदपत्रांत एकच घोटाळा होता, पण मोठा. नॉन क्रिमिलेअर, म्हणजे राखीव प्रवर्गातलं घर उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, गेल्या वर्षीचं. प्रमाणपत्रावर ज्या ३१ मार्चपर्यंतची मुदत छापलेली असते ती तारीख ओलांडली, की ते चालत नाही, आणि वेळेत नवं दिलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. सेतूत त्याच आठवड्यात अर्ज टाकला. अर्ज ऑनलाइन भरून सुविधा केंद्राने कागद पाहिले तरी दर दिवशी लॉगिन उघडून पाहायला हवं. त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि पालक "भरलाय ना" म्हणून निर्धास्त असतात. जात पडताळणीचंही, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याचंही तेव्हाच सांगून ठेवलं. पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला ती लागते आणि समितीकडे महिने जातात, म्हणून डिप्लोमाचं तिसरं वर्ष सुरू होतानाच अर्ज टाकावा.

दुसऱ्या फेरीत जिल्ह्याचं सरकारी पॉलिटेक्निक मिळालं, इलेक्ट्रिकल.

आईचा पुढचा फोन हिवाळी परीक्षेच्या निकालानंतर आला. पहिल्या सत्रात गणित राहिलं. "मामा म्हणतात, काढून घ्या आणि अकरावीला टाका." या टप्प्यावर अनेक घरं कॉलेज सोडवतात, आणि बहुतेकदा ते विनाकारण असतं. पेपर ७० गुणांचा, चाचण्यांचे ३०. मुलाने दोन्ही चाचण्या हलक्यात घेतल्या होत्या, तिथेच आठ-दहा गुण गेले. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं, तिथे तो वर्गात पुढे होता. राहिलेला विषय उन्हाळी परीक्षेला पुन्हा देता येतो, वर्ष जात नाही. खरी अट पुढे आहे: पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसू देत नाहीत. गणित दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ढकललं, तर मात्र वर्ष खरोखर जातं.

मुलाला तीन गोष्टी करायला सांगितल्या. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, कारण चूक कुठल्या प्रकरणात आहे ते अंदाजाने कळत नाही. ती आली तेव्हा दिसलं, की लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीत गुण बरे होते, पण सरळ रेषेची आणि डेरिव्हेटिव्हची गणितं कोरी सोडलेली. मग मागच्या चार परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतली तेवढीच गणितं सोडवायची, रोज तासभर, कोरं सोडायचं नाही. अर्धवट पायऱ्यांनाही गुण मिळतात. आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक अडत असेल तर मंडळाच्या मराठी-इंग्रजी द्विभाषिक साहित्याची मदत घ्यायची, संज्ञा मात्र इंग्रजीतल्याच पाठ ठेवायच्या, कारण पदवीला गेल्यावर त्याच लागणार. दुसऱ्या सत्रातल्या गणिताच्या चाचणीची तारीख त्याने वडिलांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आणि ॲप्लाइड मॅथ्सच्या सरांकडे शंकांची वही घेऊन दर शनिवारी जायचं ठरलं आहे.