मुलीला पळायचंय, मग गावाचं नाव किती बघायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लेक अकरावीत आहे, मैलाची शर्यत पळते, तिला आपल्या संघात घ्यायला तिघा कॉलेज-कोचचे फोन येऊन गेलेत आणि त्यातलं एक कॉलेज आमच्या यूजीनचं. कोच चांगला आहे, स्कॉलरशिप पुरेशी आहे, मग गावाच्या नावलौकिकाकडे बघायचं कशाला, असं वहिनींचं म्हणणं. तुम्हाला मात्र 'ट्रॅक टाउन', म्हणजे पळण्याच्या शर्यतींचं गाव, या बिरुदाची भुरळ पडलीय. मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या या गावात चोवीस वर्षं राहते. वहिनी चुकतायत असं मला वाटतं, पण तुम्ही ज्या कारणाने भुललाय ते कारणही तितकंसं खरं नाही.

मी इथे टोपल्या उचलते. म्हणजे असं की शर्यतीआधी खेळाडू ट्रॅकसूट काढतात, तो ज्याच्या त्याच्या टोपलीत जातो आणि त्या टोपल्या आम्ही स्वयंसेवक रांगेने मैदानाबाहेर नेतो. बिनपगारी काम, वर पावसात उभं राहायचं. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, एक सुतार आहे. त्या सुताराला मागच्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला चौथी कोण आली तेही तोंडपाठ असतं. गावाचं नाव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हा सुतार येतो.

हे एका दिवसात झालेलं नाही. बिल बॉवरमन इथल्या विद्यापीठाचे पळण्याचे कोच. १९६२ च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले, तिथले नावाजलेले कोच आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर पळायला गेले आणि त्यांच्याहून वयाने बराच मोठा गृहस्थ त्यांना मागे टाकून पुढे निघून गेला. ते त्यांना चांगलंच लागलं असावं. परत आल्यावर १९६३ मध्ये त्यांनी गावातल्या चाळिशी-पन्नाशीच्या साध्या माणसांना हेवर्ड फील्डवर, म्हणजे विद्यापीठाच्या ट्रॅकच्या मैदानावर, बोलावून जॉगिंग शिकवायला सुरुवात केली. म्हणजे इथे पळण्याचं वेड खेळाडूंपुरतं राहिलंच नाही, ते घराघरात शिरलं. त्याच बॉवरमननी १९६४ मध्ये आपला जुना विद्यार्थी फिल नाइट याच्याबरोबर काढलेली कंपनी पुढे नाइकी झाली. आणि स्टीव्ह प्रीफाँटेन. समुद्रकाठच्या कूस बे गावचा मुलगा, बॉवरमनचा गाजलेला धावपटू, १९७५ साली चोविसाव्या वर्षी इथल्याच टेकडीवरच्या वळणावर गाडी उलटून गेला. त्या जागी लोक आजही पदकं, छातीवरचे नंबर, झिजलेले बूट ठेवून जातात. कॉलेज बघायला आलेली मुलं तिथे गेल्याशिवाय परतत नाहीत. काही जणी डोळे पुसत खाली उतरतात आणि आई-बाप गाडीपाशी उभे राहून स्कॉलरशिपचे आकडे मांडत असतात.

एक प्रसंग सांगते. १८ जुलै २०२२ ची संध्याकाळ, जागतिक स्पर्धा इथेच होती. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये होता आणि त्या दिवशी मी टोपल्यांना सुट्टी देऊन प्रेक्षकांत बसले होते. शेजारी गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेले एक आजोबा. मी तिरंगा काढल्यावर म्हणाले, "तुमचा तो सेबल ना? गेल्या महिन्यात रबातला आठ मिनिटं बारा सेकंदांत पळालाय." स्पेलिंग वाचून बिचाऱ्यांनी साबळेचा सेबल केला होता, पण वेळ बरोबर सांगितली. शर्यत भलतीच संथ निघाली, साबळे ८:३१.७५ मध्ये अकरावा आला. आजोबा हळहळले आणि पुढची दहा मिनिटं मला समजावत बसले की सुरुवातीलाच वेग वाढवायला हवा होता. आष्टी तालुक्यातल्या पोराची चूक मला यूजीनमधल्या म्हाताऱ्याने सांगितली! पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमला साबळेने राष्ट्रकुलचं रौप्य मिळवलं, तेव्हा पहिली आठवण त्या आजोबांची झाली.

तर गावाची ख्याती सरसकट नसते, एकेका खेळापुरती असते. आमच्याकडे पळणाऱ्या मुलीला किराणा दुकानात विचारतात, "गुडघा कसा आहे?" टेनिस खेळणाऱ्या मुलीला त्याच दुकानात कोणी ओळखतही नाही. अमेरिकन फुटबॉलचं वेगळंच, शनिवारी ऑटझन स्टेडियममध्ये चोपन्न हजार माणसं आरडाओरडा करत असतात. पण त्या गर्दीचा तुमच्या मुलीला काडीचा उपयोग नाही.

हे न कळल्याने आमच्या घरात एक घोळ झाला. माझा भाचा पोहायचा. एका निसर्गरम्य कॉलेजगावाचं नाव ऐकून, डोंगर-तळी बघून तिकडे गेला. नाव घेत नाही, गाव खरंच सुंदर आहे. पण तिथे फुटबॉल सोडून दुसरं काही आहे याचा गावाला पत्ताच नव्हता. दुसऱ्या वर्षी तलाव दुरुस्तीला काढला आणि जवळजवळ सबंध मोसम पोरं पहाटे साडेचारला बसमध्ये बसून चाळीस मिनिटांवरच्या दुसऱ्या गावात पोहायला जायची. स्थानिक पेपरात एक ओळ आली नाही. बहीण मला फोनवर म्हणाली, "अगं, इथे पोहण्याचा संघ आहे हे आमच्या घरमालकालाच ठाऊक नाही." कोच चांगला होता हो, त्याचा काही दोष नव्हता.

उलट एकाच गावाची दोन नावंही असू शकतात. कोलोरॅडोतलं बोल्डर घ्या. उंचावरची हवा बघून म्युनिकचा मॅरेथॉन विजेता फ्रँक शॉर्टर तिथे राहायला गेला, मागोमाग पळणाऱ्यांची रीघ लागली आणि १९७९ पासून तिथे दहा किलोमीटरची मोठी शर्यत भरते. त्याच गावच्या कॉलेजवर २००४ मध्ये आरोप झाले, की फुटबॉलसाठी बघायला आलेल्या पोरांना दारू आणि पार्ट्यांनी भुलवलं जातं. त्या गदारोळानंतर कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने अशा भेटींचे नियम आवळले, खासगी विमानांची ने-आण बंद केली आणि प्रत्येक कॉलेजला लेखी धोरण करायला लावलं. 'मजेचं गाव' हीसुद्धा ख्यातीच असते आणि काही वर्षं ती पोरं खेचतेही. आई-बापांनी ती ऐकली की तीच अंगाशी येते.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात घ्यावी अशी. हेवर्ड फील्डच्या नव्या मनोऱ्यावर ज्या पाच खेळाडू-कोचांची चित्रं आहेत त्यात ओटिस डेव्हिस आहे, १९६० च्या रोम ऑलिंपिकचा ४०० मीटरचा विजेता. हा मूळचा अलाबामातल्या टस्कलूसाचा. तेही कॉलेजगावच, पण तिथल्या विद्यापीठाची दारं त्या काळी काळ्या मुलांना बंद होती. तो इतक्या लांब इकडे आला तो बास्केटबॉल खेळायला, आणि बॉवरमनच्या हाती लागून पळायला लागला. अर्थात ऑरेगननेही फार मिरवू नये. काळ्या लोकांनी इथे राहू नये असं कलम या राज्याच्या घटनेत १९२६ पर्यंत होतं. म्हणून गावाबद्दल विचारायचंच तर आपल्या मुलीसारख्या दिसणाऱ्या मुलीला विचारा. संघात तशी कोणी नसेल तर लॅबमध्ये, वसतिगृहात असेल.

आता बिरुदाची दुसरी बाजू. जिथे सगळ्या चांगल्या मुली येतात तिथे संघात जागा मिळवणंच कठीण. शिवाय संघात किती खेळाडू घ्यायचे यावर आता मर्यादा आलीय, त्यामुळे 'घेतो, मग बघू' हा प्रकार कमी झालाय. गावाला वेळा तोंडपाठ असतात, तेव्हा मोसम खराब गेला की तेही तोंडपाठ असतं. एका मुलीने मला टोपलीत जाकीट टाकता टाकता सांगितलं होतं, की दुखापतीनंतर तिने केस कापायला जाणंच सोडलं, कारण तिथेही पायाची चौकशी व्हायची. आणि हवा! विलमेट खोऱ्यात गवताचं बी पिकवतात. मे-जूनमध्ये, नेमक्या मोठ्या स्पर्धांच्या वेळी, परागकणांनी डोळे लाल होतात. लेकीला दमा किंवा ॲलर्जी असेल तर हे आधी कोचशी बोला. इतर कॉलेजांचे कोच हे तुम्हाला आवर्जून सांगतील, आणि त्यात ते खोटं काही बोलत नाहीत.

ऑफिशियल व्हिजिटवर, म्हणजे कॉलेज स्वतः बोलावून घेतं त्या भेटीवर, फार विसंबू नका. दोनेक दिवसांची असते, खर्च कॉलेजचा, आणि बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एखाद्या फुटबॉलच्या शनिवारी बोलावतात. तेव्हा इथलं ऊन इतकं सुरेख असतं की मलाच इथे प्रवेश घ्यावासा वाटतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने आणखी एकदा या, फेब्रुवारीत, एखाद्या मंगळवारी. सकाळी लेकीला नदीकाठच्या प्रीज ट्रेलवर, म्हणजे प्रीफाँटेनच्या नावाच्या पायवाटेवर, भुशासारख्या मऊ सालींवरून एकटीला पळू द्या आणि तुम्ही मागे थांबा. समोरून येणारे लोक हात करतात की मान फिरवतात, जाता-येता रस्त्यावर ट्रकवाले जागा देतात की हॉर्न वाजवतात, एवढं बघा. मग बाकीच्या दोन गावांतही अगदी हेच करा. तिथे कोणी हात केला आणि इथे नाही केला, तर खुशाल तिकडे पाठवा, मला वाईट वाटणार नाही.

पोर्टलंडला उतरलात तर पुढे दोन तासांचा रस्ता आहे. आमच्याकडे एक खोली रिकामी असते. छत्री आणू नका, इथे ती पाहुणेच उघडतात. टोपीवालं जाकीट आणा, आणि लेकीसाठी बुटांचा दुसरा जोड, कारण पहिला दोन दिवस वाळत नाही.