'पिष्टमय पदार्थ' आणि 'कर्बोदके': एकच की वेगळे?

माध्यमिक वर्गांना आहारातील घटक शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, 'कर्बोदके' आणि 'पिष्टमय पदार्थ' हे शब्द समानार्थी मानावेत का, आणि तसे मानले तर 'फळात पीठ कुठे असते?' या विद्यार्थ्याच्या शंकेला काय उत्तर द्यावे. 'शर्करा' आणि 'साखर' यांत वर्गात फरक करावा का, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

विद्यार्थ्याची शंका रास्त आहे. 'पिष्ट' हे 'पिष्' म्हणजे दळणे या संस्कृत धातूवरून आलेले विशेषण असून त्याचा मूळ अर्थ 'दळलेले' असा आहे. 'पीठ' त्यातूनच आले, आणि दळलेलेच पुन्हा दळत बसणे म्हणजे 'पिष्टपेषण'. शास्त्रीय परिभाषेत मात्र 'पिष्ट' म्हणजे स्टार्च, अर्थात वनस्पती बियांमध्ये आणि कंदांमध्ये साठवून ठेवतात तो, ग्लुकोजच्या असंख्य घटकांची साखळी होऊन बनलेला पदार्थ. त्यासाठी काही दळावे लागत नाही. कापलेल्या बटाट्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर जो निळा-काळा डाग उमटतो, तो या पिष्टामुळेच. हाच थेंब कच्च्या केळ्याच्या चकतीवर टाकला तर डाग गडद पडतो आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यावर जेमतेम पडतो, कारण पिकताना पिष्टाचे विघटन होऊन त्याच्या शर्करा बनतात. म्हणजे कच्चे केळे पिष्टमय म्हणता येईल, पिकलेले तितकेसे नाही. कर्बोदके मात्र दोन्हींत आहेत. फळात पीठ कुठे, याचे उत्तर वर्गात एवढ्या एका प्रयोगाने देता येते.

तेव्हा 'कर्बोदके' हे साऱ्या कुळाचे नाव आहे आणि पिष्ट हे त्या कुळातील एक. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दुधातील लॅक्टोज, आपली नेहमीची साखर, आणि ज्याला आपण चोथा म्हणतो त्यातील सेल्युलोज हीसुद्धा कर्बोदकेच. सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असते, पण त्यातील घटकांची जोडणी वेगळ्या प्रकारची असल्यामुळे आपल्या पाचकरसांना ती तोडता येत नाही. म्हणून पचणाऱ्या कर्बोदकांच्या १ ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, हे वाक्य सेल्युलोजसारख्या न पचणाऱ्या तंतूंना जसेच्या तसे लावता येत नाही.

'पिष्टमय पदार्थ' या शब्दप्रयोगात आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते ती अधिक घोळ घालते. '-मय' प्रत्ययाने 'ज्यात भरपूर आहे ते' असा अर्थ होतो आणि 'पदार्थ' हा शब्द मराठीत द्रव्यालाही चालतो व ताटातल्या खाद्यालाही. त्यामुळे 'पिष्टमय पदार्थ' ऐकल्यावर विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे बटाटा येतो, घटकद्रव्य येत नाही. मग 'पाव हे कर्बोदक आहे' अशी वाक्ये उत्तरपत्रिकेत दिसू लागतात. पावात कर्बोदकांबरोबर प्रथिनेही असतात. घटकासाठी 'कर्बोदके', आणि ज्यात पिष्ट विपुल आहे अशा खाद्यासाठीच 'पिष्टमय पदार्थ', अशी वाटणी केली की हा घोळ मिटतो. 'स्निग्ध पदार्थ' या जोडशब्दातही हीच गफलत दडलेली आहे, पण तो वेगळ्या चर्चेचा विषय.

'कर्बोदक' हा शब्दही अगदी निर्दोष नाही. 'कर्ब' आणि 'उदक' यांच्या गुणसंधीने तो बनला, कारण ग्लुकोजसारख्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्यातल्याच प्रमाणात. प्रत्यक्षात त्या रेणूत पाणी नसते. शिवाय ॲसेटिक आम्लातही हेच प्रमाण आढळते, तरी ते कर्बोदक नव्हे. उलट डीएनएमधील डीऑक्सिरायबोज या प्रमाणात बसत नसूनही कर्बोदक आहे. व्युत्पत्ती सांगावी, पण तिलाच व्याख्या करू नये.

आता 'शर्करा'. संस्कृतात या शब्दाचा अर्थ खडा, वाळू आणि खडीसाखर असा होता. तोच शब्द प्रवास करत ग्रीक-लॅटिनमध्ये गेला आणि विज्ञानातील 'सॅकराइड', म्हणजे कर्बोदकांचेच दुसरे नाव, त्यातून घडले. म्हणून एकशर्करा, द्विशर्करा, बहुशर्करा (एका, दोन किंवा अनेक घटकांची कर्बोदके) ही परिभाषा मराठीला परकी वाटत नाही. 'साखर' हा शब्द मात्र डब्यातल्या सुक्रोजसाठी राखून ठेवावा. 'रक्तातील साखर' म्हणजे ग्लुकोज. ती पिष्ट पचूनही वाढते, हे न सांगितल्यास साखर न खाणाऱ्याच्या रक्तात साखर नसावी असा विद्यार्थ्यांचा समज होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करांपासून, म्हणजे खाद्यात वरून घातलेल्या आणि मध, फळांचा रस यांतील शर्करांपासून, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी अशी शिफारस केली. तेथे 'शर्करा'ऐवजी 'साखर' म्हटले तर मध आणि फळांचा रस सुटून जातात, वास्तविक त्यांतील शर्करा त्या हिशेबात धरल्या जातात. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक शर्करा धरल्या जात नाहीत.

पाठ्यपुस्तकात 'पिष्टमय पदार्थ' हाच शब्द छापलेला असल्यास विद्यार्थ्याने तो वापरला म्हणून गुण कापणे अर्थात योग्य नाही. फळ्यावर लिहिताना मात्र 'कर्बोदके' लिहावे, आणि 'कार्बोदके' हे संकरित रूप टाळावे.