गार्थचे डोळे भरून येतात तेव्हा

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही अकरा वर्षं टेक्सासात, प्लेनोला राहतो. घरात नाट्यसंगीत चालतं, नाहीतर मुलांचं रॅप. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेचं गावाकडचं संगीत, कानावर पडतं ते फक्त दातांच्या डॉक्टरकडे. २०२२ च्या जुलैत ऑफिसातल्या मैत्रिणीने आम्हा दोघांना आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर गार्थ ब्रूक्सच्या कार्यक्रमाला ओढून नेलं. माणूस साठीचा, पण पळतोय काय, घामाघूम होतोय काय, मध्येच टोपी काढून छातीशी धरतोय, डोळे पुसतोय. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती आणि मागचा एकजण दर दहा मिनिटांनी म्हणत होता, "झालं याचं सुरू." मी भारावून आले. आमच्या ह्यांचं मत : पक्का नाटकी. मैत्रीण म्हणते देवमाणूस. तिचाच भाऊ म्हणतो, इतका गोड माणूस असूच शकत नाही. तुम्ही ओक्लाहोमात इतकी वर्षं काढलीत म्हणून विचारते, हा माणूस आहे तरी कसा? — एक वाचक, प्लेनो

उत्तर : ताई, तुमच्या ह्यांना आधी नमस्कार सांगा. ते एकटे नाहीत. मी १९८९ च्या ऑगस्टात सांगलीहून स्टिलवॉटरला एम. एस. करायला गेलो, तेव्हाच तिथे हा वाद रंगात आला होता. गार्थ त्याच युनिव्हर्सिटीचा, ओक्लाहोमा स्टेटचा. भालाफेकीवर मिळालेली स्कॉलरशिप आणि १९८४ ची जाहिरात या विषयातली पदवी. ही पदवी ध्यानात ठेवा. गावातल्या विलीज सलूनमध्ये तो गिटार घेऊन गायचा, दुसऱ्या एका नाचगाण्याच्या अड्ड्यावर दारात बाउन्सर म्हणून उभा राहायचा. १९८५ मध्ये कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला नशीब काढायला गेला आणि एक दिवसही न टिकता माघारी आला. १९८७ मध्ये पुन्हा गेला, तो राहिला. मी पोचलो त्याच वर्षी त्याचा पहिला अल्बम आला.

माझा रूममेट युकॉनचा, म्हणजे गार्थ जिथे वाढला त्या गावचा. पिठाच्या गिरणीचं गाव. उंच कोठारावर गिरणीची अक्षरं रात्री दुरून दिसायची. रूममेटने ती कॅसेट पिकअपमध्ये झिजेपर्यंत वाजवली. त्याचे वडील गव्हाचे शेतकरी. कॅसेट लागली की ते गाडीची काच खाली करायचे, वाऱ्याच्या आवाजात ती ऐकू येऊ नये म्हणून. थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि मी, नवखा, तोंड उघडून विचारून बसलो की तुमच्याच गावचा मुलगा आणि तुम्हाला आवडत कसा नाही? म्हातारबांनी टेक्सासच्या एका कंट्री गायकाचं नाव घेतलं, "जॉर्ज स्ट्रेटला बघ. उभा राहतो, गातो, घरी जातो."

निम्मं भांडण या एका वाक्यात आहे. कंट्रीच्या जुन्या श्रोत्याला गाणारा जागचा न हलणारा लागतो. तो हलला नाही तर जे गातोय ते त्याच्या जगण्यातलं आहे असं त्याला वाटतं; हलला की संशय. आमच्या सांगलीत बैठकीला गवयाने हातवारे जास्त केले की मागे लोडाला टेकलेले आजोबा अडकित्ता जरा जोरात वाजवायचे, त्यातलाच प्रकार. आणि गार्थ वाढला स्ट्रेटच्या गाण्यांवर जितका, तितकाच किस आणि क्वीन या रॉक बँडांवर. त्याने डोक्याला माइक अडकवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. १९९१ मध्ये डॅलसच्या रियुनियन अरीनात टीव्हीसाठी चित्रण चालू असताना त्याने आणि त्याच्या गिटारवाल्या मित्राने स्टेजवर गिटारी आपटून फोडल्या. १९९३ मध्ये टेक्सास स्टेडियमवर दोराला लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरला. युकॉनच्या म्हातारबांनी ते टीव्हीवर बघितलं असेल तर त्या रात्री कोणाकोणाला काय काय ऐकावं लागलं असेल, देव जाणे.

पण पळणं-लटकणं लोक माफ करतात. खुपतं ते दुसरंच : हा माणूस आपला विनय मिरवतो. १९९६ च्या जानेवारीत अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम कलाकार म्हणून त्याचं नाव पुकारलं. तो वर गेला, हा मान मला पटत नाही असं म्हणाला आणि ट्रॉफी तिथेच ठेवून उतरला. चाहत्यांना गहिवरून आलं. इतरांचं म्हणणं, नको होती तर निमूट घरी न्यायची आणि कपाटात टाकायची. नाकारण्यासाठी आख्खं टीव्हीचं व्यासपीठ कशाला? मी त्या बाबतीत इतरांच्या बाजूचा. मुलाखतीत तो स्वतःबद्दल "गार्थ असं करत नाही" अशा थाटात तिऱ्हाइतासारखा बोलतो, तेव्हाही माझे दात आंबतात. आणि १९९९ चं ते प्रकरण : डोक्यावर विग, ओठाखाली दाढीचा ठिपका, नाव ख्रिस गेन्स, म्हणे ऑस्ट्रेलियाचा रॉक गायक. एका न झालेल्या सिनेमातल्या या पात्राच्या नावाने त्याने आधीच अल्बम काढला. माझ्या ओळखीच्या कट्टर भक्तांनीसुद्धा तो गॅरेजमधल्या खोक्यात लपवला होता.

तुमच्या ह्यांच्या हातात आणखी एक कोलीत देतो. २०१७ च्या नोव्हेंबरात सीएमएच्या, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनच्या, पुरस्कारांच्या रात्री तो गायलाच नाही, ओठ हलवले. आवाज बसला होता. आणि त्याच रात्री वर्षातला सर्वोत्तम एंटरटेनर म्हणून निवडला गेला! मात्र नंतर पत्रकारांसमोर त्याने स्वतःच ते सांगून टाकलं. इतर गायकांनी नावं ठेवली ती ठेवलीच. हाच पुरस्कार त्याला २०१९ मध्ये सातव्यांदा मिळाला, तेव्हा त्याच पुरस्काराच्या शर्यतीतल्या कॅरी अंडरवुड या गायिकेचे चाहते उसळले. पुढच्या वर्षी त्याने आपलं नाव शर्यतीतून काढून घेतलं. हे मोठेपण की टीकेला घाबरणं, यावर टल्साच्या आमच्या शनिवारच्या कॉफीच्या टेबलावर दोन आठवडे गेले.

आता तुमच्या मैत्रिणीचा पक्ष. तिकिटाकडे बघा. नव्वदच्या दशकात, अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा गायक असताना, त्याने तिकीट वीस डॉलरच्या आसपास ठेवलं. काळाबाजारवाल्यांना मोडायचा त्याचा उपाय साधा : मागणी असेल तितके प्रयोग त्याच शहरात लावत जायचं. दलालाच्या हातातलं तिकीट आपोआप रद्दी होतं. पुढच्या रांगा तो विकायचा नाही. त्याची माणसं सगळ्यात वाईट खुर्च्यांपर्यंत चढून जायची आणि तिथल्यांना उचलून स्टेजपाशी आणून बसवायची. १९९६ मध्ये नॅशव्हिलच्या फॅन फेअरमध्ये, म्हणजे कंट्री गायकांच्या चाहत्यांच्या मेळ्यात, तेवीस तास सलग सह्या देत उभा होता. २००० मध्ये धंदा ऐन भरात असताना दौरे थांबवले, कारण घटस्फोट होऊ घातला होता आणि तीन लहान मुली होत्या. धाकटी अठरा वर्षांची झाल्यावर, २०१४ मध्ये, पुन्हा दौऱ्यावर निघाला. मधल्या काळात तो टल्साजवळ ओवासोला राहायचा. आमच्या मंडळातल्या एकाने त्याला हार्डवेअरच्या दुकानात पाहिल्याचं सांगितलं होतं; हा एकजण गणपतीच्या वर्गणीचे हिशोबही असेच सांगायचा, तेव्हा ते सोडून द्या.

२०१५ च्या जानेवारीत तो टल्साच्या बीओके सेंटरला आला तेव्हा मी गेलो. सगळ्या खुर्च्यांना एकच भाव, त्यामुळे माझी जागा छताला लागून. शेवटी बँड आत गेल्यावर तो एकटा गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी हातात धरलेले पुठ्ठे वाचून फर्माइशी गाऊ लागला. एक पुठ्ठा आमच्या बाजूला, पार वर होता. त्याने कपाळावर हात धरून तो वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग आमच्या कोपऱ्याकडे येऊन ओरडून विचारलं. हे रोजचं ठरलेलं असतं हे मला माहीत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. कारण हिशेबात बसत नव्हतं : आमच्या छताखालच्या लोकांना खूश करून त्याला जास्तीचा एक डॉलर मिळणार नव्हता.

म्हणून माझं मत असं. या माणसाला एकही चेहरा नाराज बघवत नाही. त्यातूनच ते वीस डॉलरचं तिकीट येतं आणि त्यातूनच ती नाकारलेली ट्रॉफी. जाहिरात शिकलेला आहे, म्हणून डोळे पुसताना कॅमेरा कुठे आहे हे त्याला ठाऊक असणारच. पण कॅमेरा ठाऊक आहे म्हणून पाणी ग्लिसरीनचं, हे माझ्या गळी उतरत नाही. आपले कीर्तनकारबुवा रोज त्याच ओवीवर गदगदायचे आणि रोज खरे गदगदायचे.

दुखावला की मात्र हाच माणूस हट्टी होतो. युकॉनच्या हॉस्पिटलला त्याने पाच लाख डॉलर दिले होते. समज असा की इमारतीला त्याच्या दिवंगत आईचं, कॉलीनचं, नाव लागेल. नाव लागलं नाही. हॉस्पिटल म्हणालं, देणगी बिनशर्त होती. गार्थ कोर्टात गेला आणि २०१२ मध्ये ज्युरीने पाच लाख परत व वर पाच लाख दंड असा निकाल दिला. दान दिल्यावर मागे घ्यायचं नसतं असं मी माझ्या रूममेटला फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "आईचं नाव आहे, तू गप्प बस." गप्प बसलो.

एक गोष्ट मात्र तिकिटाच्या भावाने तोलता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच्याकडे केस आणि मेकअपचं काम केलेल्या एका स्त्रीने लैंगिक अत्याचाराचा दावा कोर्टात दाखल केला. त्याने आरोप नाकारले, ही पैसे उकळण्याची धमकी आहे असं म्हटलं. "तो असं करूच शकत नाही, माझ्याकडे बघून हसला होता," असं सांगणारे भक्त मला भेटले आणि "मी म्हणत नव्हतो?" असं सांगणारे टीकाकारही. दोघांनी फक्त स्टेज पाहिलंय. मीही. तेव्हा तुमच्या प्रश्नातलं "माणूस कसा आहे" हे इतक्यापुरतं अर्धवटच राहू द्या; कार्यक्रमाला मात्र खुशाल भारावून जा.

प्रश्न : गार्थ ब्रूक्स बीटल्सच्या तोडीचा खपतो हे खरं की चाहत्यांच्या थापा? — एक वाचक, पुणे

उत्तर : अमेरिकेपुरतं बोलत असाल तर खरं. तिथे एकट्याने गाणाऱ्यांत सगळ्यात जास्त अल्बम त्याचे, सोळा कोटींच्या घरात, आणि एक कोटीच्या वर गेलेले अल्बम नऊ. अमेरिकेबाहेर मात्र चित्र वेगळं. शिवाय दोन सीडींचा मोठा अल्बम मोजताना दोन धरला जातो, तो स्वस्त संच करून विकतो, आणि १९९८ चा लाइव्ह अल्बम वेगवेगळ्या वेष्टनांत काढला, म्हणजे भाविकाने सगळी जमवावीत. पदवी ध्यानात ठेवा म्हणालो ते उगाच नाही.

प्रश्न : काका, मी डब्लिनमध्ये नर्स आहे. माझ्या घरमालकीणबाईंकडे २०१४ च्या गार्थ ब्रूक्सच्या रद्द झालेल्या कार्यक्रमाचं तिकीट अजून फ्रिजवर लावलेलं आहे. त्याचं नाव काढलं की चिडतात आणि स्वयंपाक करताना त्याचीच गाणी लावतात. दोष नेमका कोणाचा होता? — एक वाचक, डब्लिन

उत्तर : डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर पाच रात्री, चार लाख तिकिटं, सगळी विकलेली. परवानगी मिळाली तीनच रात्रींची, कारण त्या वर्षी तिथे आधीच तीन मोठे कार्यक्रम झाले होते आणि आसपासचे रहिवासी वैतागले होते. उरलेले दोन दुपारी करा, असाही तोडगा निघाला. गार्थ म्हणाला, पाचही नाहीतर एकही नाही. यातल्या तीन रात्री निवडणं म्हणजे पोटच्या पोरांत निवड करणं. झालं, सगळेच रद्द. परवानगी हातात येण्याआधी पाचांची तिकिटं विकली हा आयोजकांचा दोष, आणि तीन रात्रींचे लोकही घरी पाठवले हा त्याचा. रहिवाशांना मी दोष देणार नाही, गणेशोत्सवात मंडपाशेजारी राहिलोय. २०२२ च्या सप्टेंबरात तो परत आला आणि पाचही रात्री गायला. बाई त्याला गेल्या होत्या का, एवढं विचारून कळवा. गेल्या असतील तर ते तिकीट फ्रिजवर रागाने लावलेलं नाही.